कला महाविद्यालय काढताय? आधी शिक्षक आणि अधिकार यांचं लिहून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळ हायस्कूल आणि पीयू (अकरावी-बारावीचं) कॉलेज चालवणाऱ्या एका मराठी शिक्षणसंस्थेचे संचालक विचारतात की, संस्थेला दृश्यकलेचं पदवी महाविद्यालय काढायचं आहे, जोडीला डिझाइनचा अभ्यासक्रमही. परिसरातले एक नामवंत व्यक्तिचित्रकार प्राचार्य व्हायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही, चालेल का? हायस्कूलचे दोन ड्रॉइंग सर आहेतच, आणखी दोघं-तिघं घेतले तर पहिलं वर्ष निघेल का? संचालक मंडळाने रोजच्या कामात किती लक्ष घालावं? आणि परराज्यातली एक डिझाइन इन्स्टिट्यूट आपलं नाव वापरायला देते म्हणते, ते घ्यावं का?

चारही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी जातात, म्हणून ते आधी सांगतो. चित्राला आदर्श उत्तरपत्रिका नसते. गणिताचा पेपर मैसूरचा परीक्षकही तपासेल आणि निपाणीचाही, गुणांत दोन-चारचा फरक पडेल. पण एखाद्या मुलीच्या कॉम्पोझिशनला बासष्ट द्यायचे की चौऱ्याहत्तर, हे समोर उभ्या असलेल्या शिक्षकाची नजर ठरवते. ती नजर तयार आहे का, आणि ती कुणाच्या दबावाखाली नाही ना, या दोनच गोष्टींवर त्या चौऱ्याहत्तरची किंमत अवलंबून असते. म्हणून कला महाविद्यालयात शिक्षकांची नेमणूक आणि कारभाराची पद्धत हा ऑफिसचा विषय राहत नाही, तो थेट शिक्षणाचा विषय होतो. इतर कॉलेजांत कारभार ढिला असला तरी विद्यापीठाच्या परीक्षेमुळे काही वर्षं झाकून जातं. आपल्याकडे दुसऱ्या वर्षाच्या प्रदर्शनातच ते भिंतीवर लागलेलं दिसतं.

मी या पट्ट्यात बराच काळ शिकवलं, निवड समित्यांवर बसलो, संलग्नतेसाठी येणाऱ्या स्थानिक चौकशी समितीबरोबर, म्हणजे आपण सगळे जिला एलआयसी म्हणतो तिच्याबरोबर, कॉलेजंही पाहिली. त्या अनुभवावरून लिहितो.

नाव उसनं घेण्याचा प्रश्न लवकर निकालात निघतो: घेऊ नका. प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं की राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची हद्द त्या राज्यापुरतीच असते. निपाणीहून शिवाजी विद्यापीठ गाडीने तासाभराच्या आत येतं, तरी ते निपाणीतल्या कॉलेजला संलग्नता देऊ शकत नाही. मग दूरच्या एखाद्या खासगी विद्यापीठाच्या नावावर बेळगावात बसून पदवी देण्याची गोष्टच सोडा. आपल्या जिल्ह्यासाठी दार आहे ते २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. दुसरी गोष्ट, एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, १९८७ च्या कायद्यात तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत उपयोजित कला आणि हस्तकला येतात. त्यामुळे पेंटिंग-शिल्प यांचा रस्ता वेगळा आणि अप्लाइड आर्ट, डिझाइन यांचा वेगळा. एका अर्जात दोन्ही उरकतील असं कुणी सांगत असेल तर त्याने नियम वाचलेले नाहीत. उसनं नाव घेऊन सहा महिन्यांचं प्रमाणपत्र द्यायचं असेल तर ते प्रमाणपत्र म्हणूनच विका. पालकांना त्याला पदवी म्हणून सांगू नका. आपल्याकडचा पालक ऊस विकून, नाहीतर यंत्रमागावर रात्रपाळी करून फी भरतो. त्याच्या मुलाचं चार वर्षांनी काय होणार याचं उत्तर तुमच्याकडे आज असलं पाहिजे.

आता तुमच्या चित्रकारांकडे येतो. तुम्ही त्यांचं नाव सुचवलंत यावरून तुमची नियत कळते, आणि तिचा मला आदर आहे. तरीही त्यांना प्राचार्य करू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्याला पीएच.डी. आणि अध्यापन-संशोधनाचा किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. मुदत पाच वर्षांची, आणि आणखी एकदा नेमता येतं. दृश्यकलेत असे उमेदवार कमी मिळतात, म्हणून प्रभारी प्राचार्यांवर कॉलेजं चालतात हे खरं आहे. पण नियम क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं उत्तर बदलणार नाही. प्राचार्याचा दिवस विद्यापीठाचा पत्रव्यवहार, शिष्यवृत्तीचं पोर्टल, आरक्षणाचं रोस्टर, परीक्षेचे फॉर्म, शिपायाची रजा यांत जातो. ज्या माणसाने दोन तासांत समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा कॅनव्हासवर जिवंत करायचा, त्याला तुम्ही बिलांवर सह्या करायला बसवणार. कॉलेजला प्राचार्य तर मिळणार नाहीच, आणि विद्यार्थ्यांचा चित्रकारही जाईल.

त्यांना वर्गात आणायला सन्मानाचे तीन रस्ते आहेत. सहायक प्राध्यापकपदासाठी २०१८ च्या नियमांतच दृश्यकलेपुरती व्यावसायिक कलावंतांची वेगळी वाट ठेवली आहे. तिथे प्रदर्शनं-कार्यशाळांचा किमान पाच वर्षांचा अनुभव आणि विषय उलगडून शिकवण्याची क्षमता पाहिली जाते. ही वाट घ्यायची तर पात्रतेचं कलम नीट वाचून त्यांची कागदपत्रं आधी लावून बघा. दुसरा रस्ता २०२२ पासूनचा 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. यात पदवीची अट नाही. आपल्या क्षेत्रात पंधरा वर्षं काम केलेलं असावं लागतं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात, आणि एकूण मुदत चार वर्षांच्या पुढे जात नाही. तिसरा, २०२३ मध्ये यूजीसीने स्थानिक कलावंत आणि कारागिरांना महाविद्यालयात निवासी म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. हा रस्ता आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे, त्याबद्दल पुढे बोलतो.

काम करणाऱ्या माणसाने शिकवणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे हे चित्रकार घडले. सुलेखनकार र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात काम करत करतच अक्षररचना शिकवत राहिले, आणि आज आपल्या संगणकांवर दिसणारा 'मंगल' फाँट त्यांच्या हातचा. तुमच्या चित्रकारांना आठवड्यातले दोन दिवस द्या, सकाळच्या उजेडात मॉडेल बसवा आणि विद्यार्थ्यांना नुसतं बघू द्या. पहिला डाग कुठे ठेवला, कपाळावरची सावली आधी टाकली की नाकाखालची, रंग पुसून परत का लावला, हे पुस्तकातून येत नाही.

शिक्षकांच्या संख्येवर थोडा थांबतो, कारण संस्था सगळ्यात जास्त फसतात त्या इथे. हायस्कूलच्या ड्रॉइंग सरांबद्दल मला मनापासून आदर आहे. खानापूरच्या जंगलाकडच्या शाळेतली पोरं कर्नाटकच्या लोअर-हायर चित्रकला परीक्षांना बसतात, सीमेपलीकडे नातेवाईक असलेली काही महाराष्ट्राच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटही देतात, ती या माणसांच्या जिवावर. पण पदवीच्या स्टुडिओला लागणारी तयारी वेगळी, आणि त्यांचा हायस्कूलचा तासांचा भार तसाच राहणार. एकाच माणसाचं नाव दोन मस्टरवर चढवायचं आणि एलआयसी आली की त्याला हायस्कूलमधून बोलावून कॉलेजच्या खुर्चीत बसवायचं, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला. समितीतली माणसं अनेकदा ओळखतातही. संलग्नता मिळून जाते, आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थी रिकाम्या स्टुडिओत बसलेले असतात.

साधा हिशेब करून बघा. सकाळचा स्टुडिओ तीन तासांचा, म्हणजे एकशेऐंशी मिनिटं. चाळीस विद्यार्थी आणि एक शिक्षक असेल तर एकेकाच्या वाट्याला साडेचार मिनिटं येतात. त्यातली दोन एका डाँकीपासून (बोर्ड टेकवून चित्र काढायच्या बाकापासून) दुसऱ्या डाँकीपर्यंत चालण्यात आणि पोराने आतापर्यंत काय केलंय ते समजून घेण्यात जातात. वीस विद्यार्थी असले तर नऊ मिनिटं, तेवढ्यात खांद्याची रेघ का चुकली ते दाखवता येतं. म्हणून माझं ठाम मत: पहिल्या वर्षी एका शिक्षकामागे वीस-बावीसपेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ नका. प्रवेशसंख्या शिक्षकांवरून ठरवा, बाकांवरून नको.

पहिल्या वर्षाला रेखांकन, रंग आणि संकल्प, मातीकाम-त्रिमिती, मुद्राचित्रण, अक्षरलेखन आणि कलेचा इतिहास एवढं तरी हवंच. यातला इतिहास नेहमी मागे पडतो. कुणाकडे तास कमी पडत असतील त्याला तो चिकटवला जातो, आणि मुलं चार वर्षं नोट्स उतरवून पाठ करतात. बेळगाव किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचं. खानापूर तालुक्यात हलशीला कदंबांची मंदिरं, किट्टूरच्या बाजूला देगावचं कमलनारायण मंदिर. इतिहासाचा खरा शिक्षक मुलांना वही-पेन्सिल देऊन तिथे नेतो, खांबाचा छेद काढायला लावतो आणि त्यावरून चालुक्य, होयसळ यांच्यापर्यंत पोचतो. असा एक माणूस पूर्णवेळ घ्या. त्याच्यासाठी एखादं दुसरं पद वर्षभर लांबलं तरी चालेल.

यूजीसीच्या हिशेबात सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला सोळा तास थेट अध्यापनाचे, वरच्या पदांचे चौदा. हे तुमच्या वेळापत्रकाचं गणित करताना लक्षात ठेवा, नाहीतर तीन माणसांचं काम एकाच्या अंगावर टाकून दोन वर्षांत तो कोल्हापूरला निघून जाईल.

तंत्रज्ञ आणि कारागीर यांना शिक्षकांइतकंच महत्त्वाचं समजा. आपला भाग या बाबतीत फार श्रीमंत आहे. खानापूरला खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था आहे, भट्टीचं तापमान नजरेने ओळखणारी माणसं तिथल्या परिसरात आहेत. शहापूर-वडगाव-खासबागला विणकर आहेत. गोकाकची रंगवलेली लाकडी खेळणी आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आपल्या बाजूचे चारही जिल्हे आहेत. अथणी-निपाणीकडच्या कारागिराला डिझाइनच्या वर्गात हक्काने बोलवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत धातूचं ओतकाम करणारे कारखाने उभे आहेत, शिल्पाच्या विद्यार्थ्याला साचा आणि ओतकाम शिकवणारा फोरमन तुम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल. त्याला महिन्यातून चार दिवस मानधनावर बोलवा, आणि त्याच्या नावापुढे 'अतिथी अध्यापक' लिहा. नुसतं 'मदतनीस' म्हणू नका. विद्यार्थी त्या पाटीवरूनच ठरवतात की कुणाचं ऐकायचं.

निवड कशी करायची? निवड समितीची रचना यूजीसीने घालून दिली आहे. अध्यक्षपदी नियामक मंडळाचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, मग प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी ज्यात एक विषयतज्ज्ञ, आणि कुलगुरूंनी सुचवलेल्या पाच नावांतून घेतलेले, कॉलेजशी संबंध नसलेले दोन तज्ज्ञ. गणपूर्ती पाच जणांची, त्यात या तीन विषयतज्ज्ञांपैकी किमान दोन असलेच पाहिजेत. ही रचना प्रामाणिकपणे पाळा. तज्ज्ञांना आधी जेवायला घालून यादी पुढे सरकवायची पद्धत तुमच्या संस्थेत येऊ देऊ नका.

मुलाखतीत तोंडी प्रश्नांनी काही कळत नाही. उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभा करा. एखाद्या पोराचं चुकलेलं रेखांकन, समजा बसलेल्या माणसाचं, कंबर नीट वाकलेली नाही असं, बोर्डवर ठेवा आणि म्हणा, दुरुस्त करून दाखवा. मग फक्त हाताकडे बघा. काही उमेदवार लगेच पेन्सिल घेऊन त्या पोराच्या कागदावरच जाड रेघ ओढतात. रेघ बरोबर असते, पण कागद आता त्यांचा झालेला असतो. काही उमेदवार आधी मॉडेलकडे बघतात, पोराला त्याच्या जागेवर बसवतात, स्वतः त्याच्या मागे वाकून त्याच उंचीवरून बघतात आणि कागदाच्या कोपऱ्यात दोन इंचांचं छोटं चित्र काढून कंबरेचा कोन दाखवतात. बाकी सगळं पोराकडून काढून घेतात. अशा दुसऱ्या प्रकारच्या उमेदवाराची नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, एखाद्या वर्षाने निघणार असेल तरी मी वाट बघेन, नियमात बसत असेल तर तोवर अतिथी म्हणून घेईन. उमेदवाराची स्केचबुकंही मागा, मोबाइलवरचे फोटो पुरत नाहीत. गेल्या दोन वर्षांत स्केचबुक भरलेलं नसेल तर तो माणूस स्वतः शिकणं थांबवून बसला आहे.

आता ज्युरी, म्हणजे सत्राअखेरीला विद्यार्थ्यांच्या कामाला शिक्षकांनी गुण द्यायची पद्धत. माझ्या मते तुमच्या कॉलेजचं भवितव्य इथे ठरेल.

सत्र संपलं की सगळ्यांचे हाफ इम्पिरियल कागद भिंतीला लागतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या कडा वळतात, म्हणून बोर्डला चारही बाजूंनी पट्टी लावावी लागते. नावं मागे, पुढे फक्त क्रमांक. तीन शिक्षक, त्यातला एक दुसऱ्या विभागाचा, एकमेकांशी न बोलता भिंतीवरून फिरतात आणि आपापल्या कागदावर पेन्सिलने गुण लिहितात. मग एकत्र बसून फरक बघायचा. जिथे दहा गुणांपेक्षा जास्त अंतर असेल तिथे परत भिंतीसमोर जायचं, बोलायचं आणि का बदलला ते एका वाक्यात लिहून ठेवायचं. शेवटी प्रत्येक कामाचा फोटो, तिघांच्या सह्यांचे मूळ कागद आणि अंतिम यादी एका पाकिटात सील करून प्राचार्यांकडे. विद्यार्थ्याला हवं असेल तर ते वाक्य वाचायला मिळालं पाहिजे.

हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्याला कुणी हात लावू नये यासाठी संचालक मंडळाचा लेखी ठराव हवा. कारण फोन येणार. 'आपल्या माणसाची मुलगी आहे, बघा जरा.' फोन करणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून एका मुलीचे आठ गुण वाढतात. तिच्या शेजारच्या बोर्डवर काम करणाऱ्या मुलाला नेमकं माहीत असतं की तिने ते चित्र दोन दिवसांत उरकलं आणि आपण तीन आठवडे घासलं. तो पुढच्या सत्रात घासत नाही. त्याचं बघून आणखी चौघे. माझ्या पाहण्यातल्या एका कॉलेजात हे घडलं आणि तिथल्या दोन चांगल्या शिक्षकांनी वर्षाच्या आत राजीनामे दिले. ठराव असा असावा: गुण, ज्युरीची रचना, प्रकल्पाचे विषय, मॉडेल, वेळापत्रक आणि साहित्याची निवड हे महाविद्यालयाच्या शिक्षक परिषदेचे अधिकार आहेत आणि कोणताही संचालक या बाबतीत कोणत्याही शिक्षकाशी परस्पर बोलणार नाही. तक्रार असेल तर प्राचार्यांना लेखी.

मग संचालकांनी करायचं काय? खूप काही. जागा, पैसा, हिशेबतपासणी, नेमणुकांना मान्यता, विद्यापीठाशी करार, इमारतीची सुरक्षितता, अंतर्गत तक्रार समिती नीट बसली आहे का हे बघणं. तुमची संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली असेल तर वार्षिक सभा, पदाधिकाऱ्यांची यादी आणि ताळेबंद वेळेवर रजिस्ट्रारकडे गेलेच पाहिजेत. आपल्याकडच्या जुन्या मराठी संस्थांमध्ये दोन गटांचे वाद होऊन फाइल न्यायालयात अडकते आणि तेवढे दिवस शिक्षकांचे पगार थांबतात. ते टाळायचं असेल तर कॉलेजचं बँक खातं सुरुवातीपासून वेगळं ठेवा.

महाविद्यालयासाठी स्वतंत्र नियामक मंडळ करा. त्यात संस्थेची माणसं निम्म्यापेक्षा जास्त नसावीत. दोन शिक्षक प्रतिनिधी, त्यातला एक तरुण. विद्यापीठाचा प्रतिनिधी. बाहेरचा एक चित्रकार किंवा शिल्पकार. धारवाड, कोल्हापूर, पणजी तिन्ही दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत, पणजीचं गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, माणसं मिळतील. आणि एक प्रत्यक्ष व्यवसाय करणारा डिझायनर. प्राचार्य सचिव. कुणा सदस्याचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्या दिवशी तो सदस्य बाहेर थांबेल आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जाईल.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती कुणाला गैर वाटतच नाही. कला महाविद्यालयाचा शिक्षकवर्ग म्हणजे संस्थेचं सजावट खातं, अशी समजूत असते. स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, संस्थापकांचं तैलचित्र, पाहुण्यांसाठी सन्मानपत्र, अध्यक्षांच्या घरच्या लग्नातली रांगोळी. नाही म्हणायची सोय शिक्षकाला नसते, आणि विद्यार्थी तासाच्या वेळेत थर्मोकोल कापत बसतात. संस्थेला तैलचित्र हवं असेल तर रीतसर मागणी द्या, मोबदला द्या, चित्राखाली चित्रकाराचं नाव टाका. विद्यार्थ्याने केलेलं काम त्याचंच असतं. तो काही तुमचा नोकर नाही, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्ताच पहिला मालक. दिनदर्शिकेवर छापायचं असेल तर परवानगी घ्या.

उलट बाजूनेही नियम हवेत. शिक्षकाने स्वतःचा स्टुडिओ चालवावा, प्रदर्शनं भरवावीत, कामं घ्यावीत, त्यासाठी रजा द्या. पण आपल्याच कॉलेजच्या प्रवेशाची खासगी शिकवणी घेऊ नये आणि विद्यार्थ्यांना आपल्या व्यावसायिक कामावर फुकट राबवू नये.

मॉडेल बसवण्यावरून आपल्या भागात हमखास कुरबूर होते. न्यूड स्टडी तुम्ही आत्ता ठेवणार नसाल, पण कपड्यातलं मॉडेल असलं तरी लेखी संमती, ठरलेलं मानधन, दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती आणि मोबाइलवर फोटो काढायला बंदी एवढं दाराबाहेर लावून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरचा. मुलींच्या पालकांना प्रवेशाच्या दिवशीच या समितीची नावं द्या.

पैशाचं सांगतो. यूजीसीच्या सातव्या वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. अतिथी अध्यापकासाठी २०१९ च्या पत्रकात तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असा आकडा आहे. विनाअनुदानित कॉलेज सुरुवातीपासून हे देऊ शकेल असं मी म्हणणार नाही, पण जे ठरवाल ते नेमणूकपत्रात लिहा, बँकेत भरा आणि तेवढंच द्या. पूर्ण पगार खात्यात जमा करून निम्मा रोखीने परत घेण्याचा प्रकार तुमच्या संस्थेत होता कामा नये. ज्या शिक्षकाला दर महिन्याला असा पैसा परत द्यावा लागतो, त्याच्याकडून फोनला 'नाही' म्हणायची अपेक्षा करता येत नाही. परिवीक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात अडकवून ठेवू नका. काढून टाकायची वेळ आलीच तर चौकशी करून, लेखी कारणांसह. कर्नाटकात खासगी संस्थांतल्या शिक्षकाला शैक्षणिक अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि तो गेलाच पाहिजे असं माझं मत आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं होईपर्यंत फीमधून पगार भागणार नाहीत, म्हणून निदान तीन वर्षांच्या पगाराची तरतूद बाजूला ठेवल्याशिवाय अर्जच करू नका. प्राचार्याला स्वतःच्या सहीने खर्च करता येईल अशी महिन्याची रक्कम ठरवून द्या. प्लास्टरची एक गोणी आणायला सचिवांच्या सहीची वाट बघत शिल्पाचा वर्ग आठवडाभर बंद राहिलेला मी पाहिला आहे.

भाषेचं राहिलं. तुमची संस्था मराठी, ती मराठीच राहावी, मलाही तेच हवं आहे. पण कॉलेज काढलं की गोकाक, बैलहोंगलकडची कन्नड माध्यमाची मुलं येणार, आणि ती आलीच पाहिजेत. शिक्षकांतही दोन्हीकडची माणसं असणार. अक्षरलेखनाला देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांवर हात बसलेला शिक्षक शोधा. कन्नड अक्षराचा गोलावा आणि देवनागरीची शिरोरेषा एकाच फलकावर एकमेकांना न दाबता बसवणं हा आपल्या गावचा रोजचा डिझाइनचा प्रश्न आहे, दुकानाच्या पाटीवर तो रोज दिसतो. इथला विद्यार्थी तो प्रश्न सोडवायला शिकला तर त्याला बंगळूरलाही काम आहे आणि पुण्यालाही. इतिहासाच्या आणि सिद्धान्ताच्या नोट्स मराठी, कन्नड दोन्हींत द्या, तोंडी ज्युरीत मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या. ज्यांना पुढे महाराष्ट्रात शिकायचं आहे त्यांच्यासाठी तिथल्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी उमेदवारांना वेगळी पात्रता आहे. कलेच्या प्रवेशाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून मुलांना ते आधीच दाखवायला ऑफिसातला एक माणूस नेमा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी नियामक मंडळाचा आणि शिक्षक परिषदेच्या अधिकारांचा ठराव. मग प्राचार्य किंवा प्रभारी प्राचार्य आणि दोन ज्येष्ठ शिक्षक, एक रेखांकन-रंगाचा, एक त्रिमितीचा. त्यांना प्रवेशाच्या निदान सहा महिने आधी पगारावर घ्या. इमारतीचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवा, कारण स्टुडिओच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला हव्यात, पाण्याच्या मोऱ्या माती अडकणार नाही अशा खोल हव्यात, भट्टीची जागा वर्गापासून वेगळी हवी, आणि हे ठेकेदार सांगणार नाही. त्यानंतर संलग्नतेचा अर्ज, डिझाइनसाठी एआयसीटीईचा वेगळा. पहिल्या वर्षी फक्त दृश्यकलेची एक तुकडी घ्या, डिझाइन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ठरावाचा कच्चा मसुदा तयार झाला की पाठवा, ज्युरी आणि निवड समितीची कलमं मी वाचून देईन. तुमच्या चित्रकारांनाही तो मसुदा आधी दाखवा. त्यांना प्राचार्यपद का नको, हे त्यांनाच सगळ्यात लवकर पटेल.